खुब्याचा कौल

देव आहे की नाही, याची त्या दिवसांत मला काडीची खात्री उरली नव्हती. दुष्काळात पाण्यासाठी फिरताना आई आडाच्या कठड्याशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात ती नुसती कण्हत पडली होती. वडील कधीच गेलेले, मी एकुलती एक मुलगी. सल्ला विचारायलाही कोणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, खिळा घालून हाड जोडलं तर ऑपरेशन लहान. पण कित्येक आठवडे पायावर भार द्यायचा नाही, आणि या वयात हाड सांधलं नाही तर पुन्हा कापायचं. नाहीतर खुब्याचा मोडका गोळा काढून स्टीलचा बसवायचा. उभ्या लवकर राहतील, पण रक्त जास्त जाईल, टेबलावरच काही झालं तर सांगता येत नाही. "उद्यापर्यंत ठरवा." कसलं ठरवा! चुकलं तर आईला मीच मारलं, एवढंच मला कळत होतं.

एसटी धरून मी काष्टीजवळच्या आमच्या गावी भैरोबाला कौल लावायला आले. फुलं कुठली मिळायला! गुरवांनी जोंधळ्याचे दाणे ओले करून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवले. उजवा पडला तर खिळा, डावा पडला तर गोळा. ऊन कलत आलं तरी दाणे हलेनात. मला रडू कोसळलं. "तूही तोंड फिरवलंस ना मेल्या!" असं मी प्रत्यक्ष देवाला म्हणाले.

मागे एक अनोळखी म्हातारी आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. तिनं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, देवाला इचारतीस, पन जिचा पाय हाय तिला इचारलंस का?"

खरंच की! डॉक्टरांनी नाही, मीही नाही. आईला कुणीच विचारलं नव्हतं.

कौल तसाच टाकून मी परतले. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "गोळा बसवा. मेले तर मेले. पन दुसऱ्यानं उचलून परसाकडं नेलेलं मला न्हाई सोसायचं."

ती वाचली, काठी टेकत हिंडूफिरू लागली. पण सुगीच्या आधीच छातीत कफ भरला आणि गेली. मी फार रडले, अजून रडते. त्या म्हातारीला पुष्कळ शोधलं. गावात तिला कुणी ओळखत नव्हतं. ती कोण, यावर मी वाद घालत नाही. दाणा पडला असता तर आईला न विचारताच मी मोकळी झाले असते. देव गप्प राहिला, त्याचे उपकार मानते.

ती गेली त्या दिवशी सकाळी परसाकडं जायला काठी घेऊन उठू लागली, तेव्हा मी तिचा दंड घट्ट धरला होता. "सोड गं, जाते मी," ती म्हणाली. मी सोडला.