रोज एक वाक्प्रचार

कंग्राळीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसतो. आमच्या मराठी चळवळीचं पत्रक हातात दिलं की आधी विचारतो, "मागची बाजू कोरी हाय न्हवं?" त्या बाजूवर तो इंग्रजी वाक्प्रचार उतरवतो, रोज एक, आणि त्याचा कारखाना येईपर्यंत ओठांत घोळवतो. "ह्याच्यावरच सुपरवायझर झालो. तुझी पत्रकं वाचून कुणाचं काय झालंय रं?" मला राग यायचा. पण एवढ्या चिकाटीनं आमच्यातलं कोणी शिकत नाही, हेही खरं.

परवा सुट्टी झाल्यावर मी कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटत होतो. पॅकिंगच्या नऊ बायकांना थांबवून ठेवलं होतं, सगळ्या आमच्याच गावच्या. तो बाहेर आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "वुई आर ऑल इन द सेम बोट. बट वुई हॅव टु लेट यू गो."

त्यातली थोरली आक्का म्हणाली, "म्हंजे उद्या यायचं का न्हाय रं?"

त्यानं तीच वाक्यं पुन्हा म्हटली, अडखळला नाही. वरून हुकूम असेल, मान्य. पण कामावरून काढायचंच होतं तर आक्काच्या तोंडाकडं बघून मराठीत काढायचं होतं. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. "तू सांग की ह्यास्नी," असं मला म्हणून तो आत गेला.

मी सांगितलं, "आक्का, उद्यापास्नं काम न्हाय."

"जळ्ळं तुझं त्वांड!" आक्का ओरडली. त्याच्या वाट्याच्या शिव्या मग बराच वेळ मीच खात उभा राहिलो.