प्रज्ञाच्या रजेचे अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. प्रज्ञाच्या बाबांना ते असेपर्यंत नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि प्रज्ञाला तर नाहीच. सांगावंसं कधी वाटलंच नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. वाटलं, बरेचदा वाटलं, पण दर वेळी नेमका चहा उतू जायचा, नाहीतर दार वाजायचं, नाहीतर मीच दुसरा विषय काढायची. तुम्ही जरा बसा. मला हे एका दमात सांगता येणार नाही.

प्रज्ञा माझी एकुलती एक मुलगी. अकोल्याला एका खासगी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. हजेरीचं काम तिच्याकडे आहे. सकाळी वर्गावर्गातून न आलेल्या मुलांची यादी येते आणि ही एकेका घरी फोन लावते — पोरगं का नाही आलं, उद्या येणार का. लोक वैतागतात. कुणाच्या मामाचं लग्न असतं, कुणाला जागच आलेली नसते. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी तिला पालकांसाठी सूचनापत्रक लिहायला सांगितलं. माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून तिनं ते मला फोनवर वाचून दाखवलं. दप्तर आदल्या रात्रीच भरून ठेवा. मुलांना वेळेवर झोपवा. गावाला जाणं, लग्नकार्य, शक्यतो सुट्टीत बसवा. किरकोळ डोकं दुखतंय म्हणून घरी ठेवू नका; शाळेत जास्त वाटलं तर आम्ही फोन करू. गैरहजेरी वाढत असेल तर संकोच करू नका, वर्गशिक्षकांशी मोकळेपणानं बोला. छान लिहिलं होतं पोरीनं. मग म्हणाली, "आई, याच्यात काई राह्यलं का व?"

राहिलं होतं. पालकांना सांगण्याजोगी एक गोष्ट राहिली होती आणि ती माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मी म्हटलं, "नाई व, सारं बराबर हाय."

तिचे बाबा मालगाडीवर गार्ड होते. आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मालगाडीला वेळापत्रक नसतं, त्यामुळे आमच्या घरालाही नव्हतं. ड्यूटीचा बुलावा आला की डबा भरून द्यायचा आणि माणूस निघाला — भुसावळकडे नाहीतर वर्ध्याकडे. दोन दिवसांत येईल, कधी तीनही लागतील. आला की आधी झोपणार. आणि झोपून उठला की पुन्हा बुलावा. भला माणूस होता हो. पण घरात असायचा किती?

माझं माहेर मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातलं. घरात आम्ही अकरा माणसं. एक भांडतंय, एक गातंय, एकाचं डोकं कुणीतरी विंचरतंय, असं ते घर. तिथून मी या दोन खोल्यांत आले. शेजारची बाई तेलुगू बोलायची, मला वऱ्हाडी यायची. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसायचो आणि आपापल्या दारात शिरायचो. सकाळी प्रज्ञाला शाळेत सोडलं की दुपारपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. कधीकधी भाजीवाल्याशी उगाच भावावरून वाद घालायची, तेवढंच बोलणं. हे कारण झालं. कारण सांगितलं म्हणजे माफी मिळते असं माझं म्हणणं नाही.

ती तिसरीत असताना हिवाळ्यात तिला ताप आला. खरा ताप. तीन दिवस घरी होती. आणि काय दिवस होते ते! — हे म्हणताना मला लाज वाटायला हवी, पण पहिल्यांदा आठवतं ते सुखच. ओट्यावर ऊन यायचं. ती गोधडीत बसायची, मी तुरीच्या शेंगा सोलायची. खडूनं फरशीवर चौकोन आखून आम्ही चिंचोक्यांनी अष्टाचंगा खेळायचो, आणि ती इतकी लबाडी करायची की हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. दुपारी कच्चा चिवडा. मग ती मला वर्गातल्या मुलींच्या नकला करून दाखवायची. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मी इतकी कधी हसले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी ती आपणहोऊन उठली, गणवेश चढवला आणि वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

कपाळ गार होतं.

आणि मी म्हटलं, "अजून कोमट लागून राह्यलं व तुयं अंग. आज राहू दे."

झालं. हेच ते. एवढंसं वाटतं ना? मलाही तेव्हा एवढंसंच वाटलं. पाचव्या दिवशी मी वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला — माझ्या मुलीस ताप असल्याने ती शाळेत येऊ शकली नाही, तरी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. खाली सही. अक्षर माझं वळणदार. बारावीपर्यंत शिकलेली आहे मी. शाळेचा नियम असा की प्रत्येक गैरहजेरीला पालकाचा लेखी अर्ज पाहिजे. नियम चांगलाच आहे. पण ज्या घरात पालकच पोराला अडवून ठेवतो, तिथे तो नियम काय करणार?

पुढे तीन-साडेतीन वर्षं मी ते अर्ज लिहिले. दर आठवड्याला नाही, पण बाबा लांबच्या ड्यूटीवर गेले आणि घर खायला उठलं की हमखास. कणकण, पोटदुखी, कान ठणकतो, डोळे आले. कारण पुन्हा पुन्हा तेच यायला नको, याची काळजी घ्यायची मी! एकदा गालफुगी लिहिली तर अख्खा आठवडा मिळाला. त्या आठवड्यात आम्ही दोघींनी संत्र्याच्या बिया डब्यात पेरल्या, माझ्या जुन्या साडीचा तिला फ्रॉक शिवला, आणि तिला मी भागाकार शिकवला. अभ्यास कधी बुडू दिला नाही. त्याचा अभिमानही बाळगला. कुणाला दाखवत होते मी तो अभिमान?

आमच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. अजूनही होते. खोटं बोलणार नाही हे चौथं शील मी रोज हात जोडून, डोळे मिटून घ्यायची. शेजारी प्रज्ञा, तिच्या बारीक आवाजात. आणि दुसऱ्या सकाळी वहीचा कागद. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, पण आम्हा पाचही भावंडांना त्यांनी शाळेत घातलं. म्हणायचे, जेवण बुडलं तर चालंल, शाळा नाई बुडली पायजे. आमच्या माणसांनी ज्या दारासाठी पिढ्या घालवल्या, ते दार उघडं असताना मी माझी पोरगी घरात ठेवली. तीही सोबतीसाठी.

पण थांबा. खरं वाईट मी अजून बोललेच नाही. शाळेला खोटं लिहिलं, ते एकवेळ सोडून द्या. शाळा बुडवणारी आई-पोरं जगात कमी नाहीत; आज दांडी मारू, बाईंना सांगू पोट दुखत होतं, असं म्हणून दोघं हसतात आणि विषय संपतो. मी तसं केलं नाही. मी प्रज्ञाला कटात घेतलं नाही. मी तिलाच सांगत राहिले की तू आजारी आहेस. गार कपाळावर हात ठेवून सांगितलं. आठ वर्षांचं पोर — आईचा हात खोटा बोलेल असं त्याला वाटेल का? ती निमूट गणवेश काढायची, गोधडीत बसायची, आणि थोड्या वेळानं तिला खरंच गळून गेल्यासारखं वाटायचं.

ही तीच पोरगी, जी तिसरीपर्यंत क्वार्टरच्या गल्लीत कुणाच्या हाती लागायची नाही. बाबा ड्यूटीवरून येताना दिसले की टोकापासून जी धावत सुटायची, की शेजारच्या बाया म्हणायच्या, हे पोट्टी हाय का वारं!

ती पाचवीत असताना इंगळे बाई घरी आल्या. तिच्या वर्गशिक्षिका. हजेरी फार कमी भरली होती, तेव्हा घरी जाऊन पालकांना भेटायचं अशी त्यांच्या शाळेची पद्धत. दुपारच्या उन्हात गाडीवरून आल्या, रुमालानं तोंड पुसलं आणि माझ्याशी इतक्या मायेनं बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "प्रज्ञाची आई, पोरगी हुशार हाय, पण सारखी आजारी पडून राह्यली. आपण दोघी मिळून काई करू ना." मग त्यांनी एकेक उपाय सांगितला. सकाळी दूध, रात्री लवकर झोप, दवाखान्यात एकदा नीट तपासणी. बरं वाटत नसेल तरी अर्धा दिवस पाठवा, मी लक्ष ठेवीन. मी सगळ्याला मान डोलावली. चहा केला. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत झाली नाही, म्हणून साखर आणायला दोनदा आत गेले. सांगायची वेळ खरं तर तीच होती. समोर बसलेली बाई ऐकून घेणारी होती. मी काय केलं? "काय करू बाई, जन्मापासूनच नाजूक हाय," असं म्हणाले.

बाई जे बोलल्या ते त्यांनी पाळलं. प्रज्ञाला कवायतीतून सूट दिली. खो-खोच्या संघात तिचं नाव होतं, ते काढलं. बाकीच्या मुली मैदानावर असताना तिला लिंबाखाली बसवायच्या, तिथे ती सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात शेरा आला — अभ्यासात उत्तम, प्रकृती नाजूक. तो शेरा तिच्या बाबांनी वाचला आणि रात्रपाळी करून आलेला माणूस, न झोपता, तिला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरला काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. त्या दिवसापासून बाबा घरी असले की तिचं दप्तर तेच उचलायचे. सायकल घेऊन द्यायचं कबूल केलं होतं, ते रद्द केलं. पोर चक्कर येऊन पडली तर? तिनं हट्टही केला नाही. मी तिथेच उभी राहून भाकरी थापत होते, सगळं ऐकत होते.

पुढे ती सहावीत असताना मला अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं. दिवसभर पोरांची किलबिल, बायांच्या गप्पा. माझी सोबतीची गरज भागली आणि मी अर्ज लिहायचे थांबवले. इतकं सोपं होतं ते. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी मी कामाला निघत होते, तर प्रज्ञा अंथरुणात बसलेली, स्वतःचाच हात स्वतःच्या कपाळावर. म्हणाली, "आई, माया अंगात कणकण वाटून राह्यली." मी हात लावून पाहिला. काही नव्हतं. मी सांगितलं तसं, काई नाई तुले, जाय शाळेत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपली आई आपल्यावर अविश्वास दाखवते आहे. त्या दिवशी अर्ज लिहायला मला भागच पडलं. त्यानंतर ती स्वतःच ठरवायची, आज बरं आहे की नाही. सहलीला चिखलदऱ्याला गेली नाही. कॉलेजात कुठल्या खेळाजवळ फिरकली नाही. लोकांना सहज सांगते, माझी तब्येत लहानपणापासून अशीच आहे. आणि मी शेजारी बसलेली असते.

मागच्या वर्षी तिनं वनरक्षकाच्या भरतीचा फॉर्म भरला. मला न सांगता. जंगलात काम करायचं तिच्या मनात होतं, हेही मला तेव्हाच कळलं. लेखी परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मी बडनेऱ्यालाच दोन खोल्या घेऊन एकटी राहत होते. धावण्याची चाचणी अमरावतीला होती, म्हणून ती आदल्या दिवशी माझ्याकडे आली. नवे बूट आणले होते. अकोल्यात दोन महिने पहाटे उठून मैदानावर जात होती, म्हणाली. पळता येतं, पण मधेच भीती वाटते, आपलं शरीर ऐन वेळी दगा देईल अशी.

सकाळी ती तयार होऊन बसली. दारात ऑटो येऊन थांबला होता. आणि बूट घालता घालता थांबून तिनं मला विचारलं, "मले जमन का व आई?"

एक वाक्य पुरलं असतं. प्रज्ञा, तू कधीच आजारी नव्हतीस. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं, पण मग तिनं विचारलं असतं, म्हणजे? आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. मला तिच्या नजरेची भीती वाटली. तिच्या नोकरीपेक्षा, तिच्या जंगलापेक्षा मला माझी पत मोठी वाटली. मी म्हटलं, "नोकऱ्या काय, पुन्हा निघतीन. जिवाले जप."

तिनं बूट काढले. ऑटोवाल्याला परत पाठवलं. थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली असेल, मी पाहिलं नाही. तिकडे मैदानावर तिचं नाव पुकारलं असेल, दोनदा पुकारलं असेल, आणि कुणीतरी त्यापुढे गैरहजर असं लिहिलं असेल. मी तिच्यासाठी तुरीच्या सोल्याची भाजी टाकली. अकरा वाजता ती उठून माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली, आणि आम्ही दोघी बोलत बसलो. पोरगी दिवसभर घरात होती, आणि मला आनंद झाला होता.