शिवेवरचं मागचं चाक

आमच्या घरात डिफरन्शियल या विषयावर दोन मतं होती. एक माझं, दुसरं अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी सरकारी लाल बस चालवण्यात काढली, त्यातली बरीचशी नाशिकहून सुरगाण्याकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गोल डब्याच्या, पोटात जे छोटे गिअर असतात, ते आमच्याकडे तयार होतात आणि त्यांचे दात बरोबर आहेत की नाहीत हे मी बघते. म्हणजे अण्णांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या पण आतले गिअर पाहिले नाहीत, आणि मी गिअर रोज पाहते पण मला स्कूटीपलीकडे काही चालवता येत नाही. त्यामुळे दोघांनाही स्वतःच्या ज्ञानाबद्दल अजिबात शंका नव्हती.

दादाने मांडव-डेकोरेशनच्या धंद्यासाठी पिकअप घेतली तेव्हा वादाला तोंड फुटलं. तिच्या मागच्या डिफरन्शियलला आपोआप लागणारं लॉक होतं. "कशाला असली थेरं?" अण्णा म्हणाले. "चिखलातली गाडी ड्रायव्हरच्या हातावर निघते."

मी त्यांना समजावायला बसले. आपली दोन माणसं मांडवाचा लांब पाइप खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर वळतात, तेव्हा बाहेरच्या बाजूच्या माणसाला जास्त चालावं लागतं. चाकांचंही तसंच. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ती मुभा हे छोटे गिअर देतात. पण त्यांची एक खोड आहे. दोन्ही चाकांना ते जोर सारखाच वाटतात. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. चिखलातलं चाक गरगरा फिरतं आणि कोरड्यावरचं शांत उभं राहतं.

"आपल्या घरासारखं," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "एकानं अंग काढून घेतलं की दुसराही बसलाच."

लॉक कसं लागतं तेही मी सांगितलं. आत दोन छोटी वजनं असतात. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच जोरात फिरायला लागलं की ती पसरतात आणि एका खटक्यात अडकतात. त्यासरशी आतल्या चकत्या आवळल्या जातात आणि दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "बरं. पण गाडी हातावरच निघते."

पुढे माझ्याच शेजारच्या टेबलावर गिअर तपासणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. ती सुरगाणा तालुक्यातली. घरची जीप होती आणि कॉलेजला असल्यापासून ती स्वतः चालवायची. मांडव आमचाच हवा असं तिने सांगितलं. दादा दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून पाइप, कापड, खुर्च्या आणि मोठी पातेली भरून अण्णा निघाले. मी त्यांच्या शेजारी बसले. दोघं कामगार मागे सामानावर.

आदल्या दिवशी तिकडे वळवाची सर येऊन गेली होती. गावाच्या अलीकडे एक ओहोळ आहे. पुढची चाकं पलीकडच्या चढाला लागली आणि मागचं डावं चाक पिवळ्या चिकणमातीत बसलं. उजवं चाक चक्क कोरड्या खडकावर होतं. अण्णांनी किंचित ॲक्सिलरेटर दिला, डावं चाक फिरलं, अण्णांनी लगेच पाय उचलला. पुन्हा दिला, पुन्हा उचलला.

"अण्णा, पाय उचलू नका. चाक जरा जोरात फिरलं तरच लॉक लागेल."

"चाक फिरवलं की खड्डा खोल होतो."

"होऊ दे ना थोडा."

"मला शिकवू नकोस."

गंमत अशी की अण्णांचं बरोबर होतं. जन्मभर चालवलेल्या गाड्यांसाठी तेच शहाणपण होतं. फक्त ही गाडी थोडा अविचार केल्याशिवाय मदतीला येणार नव्हती, आणि अविचार अण्णांच्या पायातच नव्हता.

तेवढ्यात गावातून माणसं आली. हळद सुरू झाली होती, पाहुणे उन्हात बसले होते आणि मांडव ओहोळात उभा होता. कुणी दोर आणला, कुणी चाकाखाली फांद्या कोंबल्या. अण्णांनी स्वतः उतरून दगड लावले. मीही उतरून लॉकबद्दल सांगू लागले, तर एक गृहस्थ म्हणाले, "ताई, बाजूला व्हा, लागंल." अण्णा पुन्हा सीटवर बसले आणि सगळ्यांनी रेटा दिला. गाडी हलली, डुलली आणि पुन्हा जागच्या जागी बसली.

मग नवरीच आली. अंगाला हळद, कपाळावर मुंडावळ्या, पायात भावाच्या चपला. मागून तिची आजी काठी टेकत ओरडत येत होती, "अगं, हळदीच्या अंगानं शीव वलांडू नाय!"

आता पंचाईत अशी की तो ओहोळ हीच गावाची शीव. यावर तिथेच चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, गाडी शिवेबाहेर आहे. दुसरा म्हणाला, पुढची चाकं आत आलीत. शेवटी असं ठरलं, की मागचं चाक बाहेर असलं तरी ड्रायव्हरची सीट शिवेच्या आत आहे, तेव्हा सीटवर बसायला हरकत नाही. आजीनेही काठीने अंतर बघून मान डोलावली.

"काका, जरा उतरता का?" ती अण्णांना म्हणाली.

अण्णांनी आपल्या हातातल्या गाडीची चावी कधी दादालाही सुखासुखी दिलेली नाही. पण हळद लागलेल्या मुलीला नाही कसं म्हणणार? ते उतरले, पण दाराला धरून उभे राहिले.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला. दाबलेला ठेवला. डावं चाक भिंगरीसारखं फिरलं आणि दोर धरलेल्या मंडळींच्या पांढऱ्या टोप्या पिवळ्या झाल्या. अण्णा "अगं अगं" म्हणेपर्यंत गाडीच्या पोटातून खट्ट असा आवाज आला. खडकावरचं चाक इतका वेळ पाहुण्यासारखं बसलं होतं, ते एकदम कामाला लागलं. पातेली खणखणली आणि पिकअप चढ चढून वर गेली.

वर्षानुवर्षं मी दात मोजले, पण ते चावताना पहिल्यांदाच ऐकत होते. ते गिअर आमच्याच कारखान्यातले होते की नाही, देव जाणे.

श्रेयाची वाटणी मात्र लगेच झाली. रेटा देणारे म्हणाले, आमचा रेटा. दोरवाले म्हणाले, दोर. आजी म्हणाली, हळदीचा गुण. अण्णा रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "दगड नीट लागले होते म्हणून." नवरीने कुणालाच खोडून काढलं नाही. ती खाली उतरली आणि म्हणाली, "मांडव बांधा लवकर, माझी आत्या उन्हात बसलीय."

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सामान भरून आम्ही परत निघालो, कामगार पुन्हा मागे सामानावर. प्रत्येक वळण अण्णा जपून घेत होते. मग म्हणाले, "ते लॉक काढायचं कसं?"

"ते तेव्हाच सुटलं. जोर कमी झाला की आपोआप सुटतं."

"नक्की?"

"नक्की."

थोड्या वेळाने चांगला डांबरी रस्ता सोडून त्यांनी गाडी शेजारच्या डबक्यात घातली. त्यांनी पाय दाबला. पण खाली मुरूम घट्ट होता, दोन्ही चाकांना पकड मिळाली आणि गाडी निमूटपणे बाहेर आली. अण्णांनी त्या खट्ट आवाजासाठी कान देऊन ऐकलं. काही नाही. त्यांनी वळसा घेऊन ती पुन्हा त्याच डबक्यात घातली, या वेळी जास्त जोरात. मागून कामगारांनी टपावर थापा मारल्या.

तेवढ्यात आईचा फोन आला. कुठवर आलात, जेवायला थांबू का, असं विचारत होती. मी अण्णांकडे पाहिलं. रस्त्यावर मागे-पुढे शेळीसुद्धा नव्हती.

"सांग तिला," अण्णा रिव्हर्स टाकत म्हणाले, "लय ट्राफिक आहे."