आक्र्याला घर बघायला गेलो तेव्हा

जर्मनीत, नेकारसुल्मच्या कारखान्यातली नवऱ्याची नोकरी उन्हाळ्यात संपणार होती. दुसरी मिळाली ती थेट पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या आक्रा शहरात. ‘आधी सगळे येऊन बघा, मग ठरवा,’ असं नवी कंपनी म्हणाली आणि विमानाची तिकिटंही तिनेच पाठवली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी शहर बघायला गेलेच नव्हते, नकाराची कारणं गोळा करायला गेले होते. एक कारण तर घरूनच बांधून नेलं होतं. आठ वर्षांच्या मुलीला तिच्या मैत्रिणींपासून तोडायचं नाही.

विमानतळावर न्यायला आलेल्या ड्रायव्हरने आधी आमची झोप कशी झाली ते विचारलं, मग घरी आईवडील कसे आहेत तेही. याला माझ्या आईवडिलांशी काय करायचंय? नेकारसुल्मला समोरच्या दारातल्या शेजाऱ्याने इतक्या वर्षांत असलं काही विचारलं नव्हतं आणि मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

रस्त्यावर बाजारच भरला होता. सिग्नलला गाडी थांबली की डोक्यावर काचेच्या पेट्या घेतलेल्या बायका खिडकीशी येत. केळ्याचे वेफर्स, पाण्याच्या पिशव्या, टॉवेल. एकजण तर भिंतीवरचा भलाथोरला आरसा विकत होता. खच्चून भरलेल्या मिनीबसच्या दारात लोंबकळत कंडक्टर ओरडत होते. मी काच वर केली आणि पर्स पोटाशी धरली. ड्रायव्हर हसला. का हसला, तेही मला कळेना.

कंपनीने दाखवलेलं घर छान होतं, म्हणून मी ओल शोधायला लागले. नळ सोडून पाहिले, भिंतींवर टकटक केलं. खाली अंगणात आलो तर घरमालकीणबाई जेवायला बसल्या होत्या. आंबवलेल्या मक्याचा गोळा, तळलेला मासा, तिखटजाळ चटणी, सगळं हाताने. आम्हाला बघून त्यांनी ताटाकडे हात केला, ‘यू आर इन्व्हायटेड.’

अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ नये, हे मला लहानपणापासून पाठ. मी दोन पावलं मागे सरकले.

‘अगं, आपल्याकडे “या जेवायला” म्हणतात ना, तसं आहे ते,’ नवरा हळूच म्हणाला. ‘नुसतं म्हणायचं असतं.’ मग बाईंना इंग्रजीत म्हणाला, ‘थँक यू, तुमचं सावकाश होऊ द्या.’

तोवर आमचं रत्न अंगणातल्या नळावर हात धुऊन ताटाशी बसलंही होतं. बाईंचा घास क्षणभर हातातच राहिला, मग त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘ऊठ आधी!’ मी दटावलं. ‘कोणी म्हटलं की लगेच बसायचं नसतं.’

‘आबर झी हाट मिश डोख आइनगेलाडेन!’ त्यांनी मला बोलावलंय ना, म्हणे. जर्मनीत वाढलेलं पोर, बोललेलं खरंच धरणार.

‘अगं, पण...’

मासा मोडता मोडता ती जर्मनमध्येच म्हणाली, ‘मला एरवी कोणी बोलावतच नाही.’

‘वर्गात वाढदिवस असतात की,’ नवरा म्हणाला.

‘असतात. बाकीच्यांना बोलावतात.’

मला भडभडून आलं. परक्या बाईसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी त्यांना विचारलं, इथे शाळा कुठे आहे?

‘अगदी जवळ,’ त्या म्हणाल्या.

त्या ‘अगदी जवळ’वर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

‘हिचं जेवण होऊ दे,’ मी नवऱ्याला म्हटलं, ‘मग चालत जाऊन बघू.’