भिंत सावरणाऱ्या भाडेकरू

डॉ. निशाताईंच्या साठीच्या पुस्तकात मीही लिहावं, असा हट्ट त्यायच्या शिष्यांनी धरला. माही शाळा खेड्यातली, सातवीपर्यंतची. चुका झाल्या तं शिष्यांच्या माथी. त्यात वर्षभर मले एकच घोर होता, निवृत्त झाल्यावर ताई आमच्या घरी राह्यतीन का जातीन?

पिपरी मेघेच्या आमच्या घरी ताई पयल्यांदा खोली पाहाले आल्या, तवा आमच्या ह्यायनं इचारलं, "काम काय करता?"

"पेशी मरतात का, ते पाहते."

मी म्हटलं, "बाई, घरात काई मारू नोका म्हंजे झालं."

मंग एकदा अंगणात शेंगा सोलता सोलता त्यायनं समजावलं. विषाणू शिरला का पेशी सोताच जीव देते, म्हंजे बाकीच्या वाचतात. पण गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणू लबाड. त्याचे काई जनुक पेशीले मरूच देत नाईत, तोवर तो आपलं पोराबाळांचं खटलं वाढवून घेते. ते जनुक कोणते, हे ताई एकेक काढून पाहत.

मी म्हटलं, "म्हंजे भाडेकरूच! घरावर माया नाई, पण आपल्या डोक्यावर पडू नाई म्हणून भिंतीले टेकू देते." ताई इतक्या हसल्या का शेंगांचं टोपलं सांडलं. मंग त्यायनं वर्गात पोरायलेही हेच सांगितलं, अन् माहं नाव घेऊन!

काई वर्सांनी पेढे घेऊन आल्या. "काकू, तो जनुक काढला आणि पेशी मेल्या! परत घातला तर जगल्या!"

"मयतीचे पेढे पयल्यांदाच खाऊन राह्यली," मी म्हटलं.

मंग आमचे हे गेले. मी चूल पेटवणं सोडलं. ताई रोज संध्याकाळी दारात उभ्या. "काकू, उपाशी आहे. भाकर टाका." मी चिडचिड करत टाको, अन् त्यायच्यासंगं दोन घास माह्याही पोटात जात. मागून कळलं, ताई जेवूनच येत. इतके दिवस दोनदा जेवल्या, पण कबूल नाई केलं.

यंदा ताईंची भाची पुण्याहून त्यायले न्यायले आली. मी वरून म्हटलं, "जा, खोली मोकळी होईन." आतून घोर तोच. जनुक काढला का काय होते, ते मले त्यायनंच शिकवलं होतं.

ताई भाचीले म्हणाल्या, "कशी येऊ गं? काकूंची भाकर सुटली तर मी मरेन."

खोटारड्या कुठच्या! पण माहा जीव भांड्यात पडला.

ताई, आता एकदाच जेवत जा. शंभरीपर्यंत पोट धड राह्यलं पायजे. अन् खोली खाली करायचं नाव काढाल, तं माह्याशी गाठ आहे.