उन्हात ठेवलेली पेटी

दीपा हल्ली "काहून?" म्हणत नाही, ही सत्यशीलाबाईंच्या मनातली रुखरुख काही केल्या जात नव्हती. लग्न होऊन यवतमाळला गेल्यापासून पोरीचा फोन नेमानं येई. जेवलीस का, हो. बरी आहेस का, हो. जावई रजत भला माणूस, सासरी काही उणं नाही. पण आईनं काहीही सुचवलं की दीपा म्हणे, "तू म्हणशील तसं." एवढ्या गुणी उत्तरानं दुसऱ्या कुठल्याही आईला बरं वाटलं असतं. सत्यशीलाबाईंना मात्र ते खुपे.

कारण फुलसावंगीत वाढलेली दीपा अशी नव्हतीच. लहानपणी तिला भिंतीवरून उतर म्हटलं, तर ती आधी "काहून?" विचारी आणि पटलं तरच उतरे. सत्यशीलाबाई स्वतः बी.ए. झालेल्या, पण त्या प्रश्नापुढे त्याही हात टेकत. बी.एस्सी. करून घरी आल्यावर पोरीनं अंडी उबवायची पेटी बनवली, तीही याच खोडीतून. शेजारच्या जोहराबीची कोंबडी अंड्यांवरून मधेच उठून गेली होती. कोंबडीवाचून काहून जमत नाही, ते पाहायचंच, असं दीपानं मनावर घेतलं.

थर्माकोलचं खोकं, आत एक बल्ब, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला चिमुकला पंखा, कोपऱ्यात पाण्याची वाटी, आणि हवी तेवढी गरमी झाली की बल्ब आपोआप विझवणारं एक यंत्र. अंडी जोहराबीनं बटईनं दिली. एकीची अंडी, दुसरीची कोंबडी, पिल्लं निम्मी-निम्मी, ही गावची जुनीच रीत. "पर माही कोंबडी दाणे खाते, तुही लाईट खाते," जोहराबी म्हणाली. "महाग पडन वो पोरी."

दीपानं प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली नि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे अंडं फिरवलं की नाही ते कळावं. लाईन गेली की पेटीवर वाकळ टाकून ती राखण करीत बसे. एकदा स्वयंपाकघराची खिडकी लावून तिनं मोबाइलचा टॉर्च अंड्याला टेकवला. आत लाल शिरांचं जाळं होतं आणि मधे एक काळा ठिपका हलत होता.

"आई, पाह्य. जित्तं हाय."

सत्यशीलाबाईंनी अंडं पाहिलं, आणि मग पोरीच्या तोंडाकडेच पाहत राहिल्या.

पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा यवतमाळहून निरोप आला, पोरगी पाहायला येतो. मे महिना. पुढच्या खोलीत बोर्ड एकच, त्यावर पेटी चाललेली, आणि पाहुण्यांसाठी कूलर तर लावायलाच हवा. शिवाय पेटीला थोडा वासही येई. दीपा आत साडी नेसत होती. सत्यशीलाबाईंनी नवऱ्याला, पंजाबरावांना, पेटी मागच्या टिनाच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितलं. तिथं बोर्ड नाही, बल्ब बंद पडेल ना, असं ते म्हणाले.

"एवढं ऊन तापून राह्यलं, बल्ब कायले लागते? अंड्याले गरमीच पाहिजे ना?"

त्यांना ते मनापासून खरं वाटलं होतं. ज्या उन्हाच्या भरवशावर वर्षाच्या कुरड्या-पापड वाळतात, ते ऊन अंड्यांचं काय वाईट करणार?

पाहुणे आलुपोहे खाऊन, पसंती सांगून, जय भीम करून गेले. दीपा साडीतच मागं धावली. टिनाखाली पेटी हाताला चटका देत होती. तिनं एकेक अंडं टॉर्चवर धरलं. कशातच काही हलत नव्हतं. ऊब आणि भाजणं यांतला फरक सत्यशीलाबाईंना दारात उभ्या उभ्या कळला.

"आई, मले एक आवाज काहून नाही देल्ला?"

"पाहुणे बसले होते," त्या म्हणाल्या. आणि वर, न विचारता, "लग्नाच्या पोरीनं कोंबड्याइचा पसारा कायले मांडावा?"

दीपानं मान हलवली. आवारात खड्डा करून तिनं अंडी पुरली, पेटी पुसून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, मुलगा पसंत आहे का. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली. ते वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, आणि सत्यशीलाबाईंनी लगबगीनं त्यालाच होकार मानलं. आज वाटतं, तिथंच थांबायला हवं होतं. साखरपुड्याची तारीख धरण्याआधी पोरीजवळ जरा बसायला हवं होतं.

आता थंडीचे दिवस. आज सकाळी जोहराबी ओट्यावर आली ती पदरात अंडी घेऊन. अंड्यांवर बसलेली कोंबडी मुंगसानं नेली होती. "अजून गरम हाय, बाई. पोरीची पेटी लाव न."

सत्यशीलाबाईंनी माळ्यावरून पेटी काढली, प्लग लावला. बल्ब लागला, पंखा गरगरला, यंत्रावरचे लाल आकडे लुकलुकू लागले. पण गरमी कितीवर ठेवायची? पाणी किती? हे सगळं पंधरा-वीस दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि त्यांनी पोरीला एकदाही काही विचारलं नव्हतं.

"दीपाले लाव फोन," जोहराबी म्हणाली.

सत्यशीलाबाईंनी फोन हातात घेतला. कोणत्या तोंडानं विचारावं? त्या दिवशीच्या "काहून"चं उत्तर अजून द्यायचंच होतं. ते आधी द्यायला हवं. मी तुले भेले, तू नको म्हणशीन म्हणून आवाज नाही देल्ला, एवढंच तर होतं ते. मग गरमीचं विचारता येईल.

पदरातली अंडी निवत चालली होती. त्यांनी जोहराबीला खाटेवरची वाकळ अंड्यांवर टाकायला सांगितलं, आणि दीपाचा नंबर काढला.