गाडीची खांदेमळणी

आमचे वडील लंगडे होते आणि त्यांची गाडीही लंगडी होती. हे मी म्हटलं तर चालतं. दुसरं कुणी म्हणालं तर आजही मी अंगावर धावून जाईन.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. कामशेतहून पवनेच्या बाजूला वळलं की लागणाऱ्या एका गावात आमचं घर आणि थोडी भातखाचरं होती. मी सातवीत असताना चिखलणीच्या दिवसांत बैल बुजला, दादा खाचरात पडले आणि डावा पाय औताखाली सापडला. गुडघा कायमचा ताठला. बैलजोडी शेजारी थोरल्या चुलत्यांच्या गोठ्यात गेली आणि दादा ओट्यावर बसले. दोन वर्षं बसून होते. हिंडत्या-फिरत्या माणसानं बसून राहणं म्हणजे काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. आईनं चहा दिला तरी चिडायचे, नाही दिला तरी चिडायचे. माझा तिखटपणा त्यांच्याकडूनच आलेला, त्यामुळे घरात भांड्याला भांडं रोज लागायचं.

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर आमचा आंबेमोहोर जात असे. बंगल्याचे मालक मुंबईचे, वयानं थकलेले. त्यांच्या शेडमध्ये परदेशातून आणलेली एक जुनी पिकअप धूळ खात उभी होती. बंगला विकायला निघाला तेव्हा मालकांनी दादांच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही घेऊन जा. हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. डावा पाय लागतच नाही." तांदळाच्या बोलीवर सौदा झाला. बंगल्याच्या ड्रायव्हरनं चार दिवस शिकवलं आणि पाचव्या दिवशी दादा स्वतः गाडी चालवत गावात आले. डावा पाय बाजूला लांब पसरलेला, उजवा पाय कामाला. आई दारात उभी राहून रडली. मी रडले नाही, पण मला रडू आलं होतं.

मग त्या गाडीनं काय काय वाहिलं! तांदळाची पोती, दुधाचे कॅन, लग्नाची वऱ्हाडं, एकदा तर आख्खी पिठाची गिरणी. गावातली टवाळ मंडळी 'लंगड्याची लंगडी आली' म्हणायची, आणि दादा त्यांनाच हाका मारून मागं बसवायचे. ओट्यावर बसलेला तो चिडका माणूस कुठं गेला कुणास ठाऊक.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मी मॅट्रिक होऊन घरी होते. त्या पावसाळ्यात गाडी चढावर दगा देऊ लागली. इंजिन ओरडायचं, पण चाकाला ओढ मिळायची नाही. लोणावळ्याच्या मेस्त्रीनं गाडीखाली डोकावून मान हलवली. "हा आपोआपवाला डबा काढून टाका. साधा गिअरबॉक्स बसवतो, क्लचवाला."

"क्लच कोण दाबंल? तू येतुस का रोज?" दादांनी विचारलं.

मेस्त्री हसला. दादांनी गाडी कशीबशी गावात आणली. घरी येऊन ओट्यावर बसले, अगदी त्याच जुन्या जागी. मला ते बघवेना.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि शेडमधले गिअरच्या तेलाचे दोन सीलबंद डबेही. ते पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचायला बसले. आठ दिवस लागले. त्यात लिहिलं होतं की या गिअरबॉक्सचं तेल ठरावीक अंतरानं बदलावं, नाहीतर गिअर घसरतो. आम्ही एकदाही बदललं नव्हतं. मेस्त्रीनंही विचारलं नव्हतं.

"आपुन घरीच बदलू," दादा म्हणाले. "खांदेमळणीच्या दिशी."

आमच्याकडे पोळा भादव्यातल्या अमावास्येला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचं आणि कानात सांगायचं, "आज आवतण, उद्या जेवाया या." त्यानंतर पोळा सरेपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. ठेवलं तर पाप. दादांना आता बैल नव्हते. त्यांच्या लेखी गाडी हाच बैल, आणि तेल बदलणं हीच तिची खांदेमळणी.

गोठ्यामागच्या चरावर दोन्ही बाजूंनी दगड रचून गाडी उभी केली, म्हणजे खाली माणूस शिरेल. दादा पाठीवर सरपटत आत गेले. आडवं पडल्यावर माणूस लंगडा राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी बाजूला पुस्तक उघडून बसले, ते सांगतील तो पाना देत, लिहिलेलं मराठीत सांगत. तळाच्या पत्र्याचे बोल्ट एकेक करून सुटले आणि तेल घमेल्यात पडलं. काळंकुट्ट, जळक्या फोडणीच्या वासाचं. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्ये पोटात घिऊन पळत हुती बिचारी?" पत्रा रॉकेलनं धुतला, कॉर्कचं नवं पॅकिंग कापून बसवलं, बोल्ट आवळले. मग नवा डबा फोडला. तेल लालभडक आणि पातळ. दादांनी बोटावर घेऊन पाहिलं, त्याच बोटानं बॉनेटला टिळा लावला आणि मग नरसाळ्यानं ओतायला सुरुवात केली.

तेलाची पातळी बघायची एक लांब पट्टी होती. दुसरा डबा निम्मा झाला तेव्हा दादांनी पट्टी ओढून पाहिली. खुणेपर्यंत तेल होतं. "भरलं," ते म्हणाले.

"नाही भरलं," मी म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय, इंजिन चालू करायचं, सगळे गिअर एकदा फिरवायचे आणि चालू इंजिनावरच पट्टी बघायची. बंद असताना तेल खोटं दिसतं."

"आज इंजान चालू करायचं न्हाई. खांदेमळणी झाली."

"दादा, तो बैल नाहीये!"

"मला शिकिवतीस? जू ठिवायचं न्हाई म्हंजी न्हाई."

मी तावातावानं बोलले, तेही बोलले. शेवटी मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "करा काय करायचंय ते." पाय आपटत घरात गेले. दादांनी गाडीच्या दिव्याशी तोंड नेऊन म्हटलं, "आज आवतण, उद्या जेवाया या." ते मला खिडकीतून ऐकू आलं. मला हसू यायला हवं होतं, पण मी फुरंगटलेलीच राहिले. दुसऱ्या दिवशी पोळ्याला गाडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, तेव्हाही मी बोलले नाही. चुकणारच आहेत, तर चुकू देत, असं मला वाटत होतं. आज लिहितानाही याची लाज वाटते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा पोती भरून आम्ही लोणावळ्याला निघालो. मी नेहमी बरोबर असे, कारण चढावर गाडी थांबली तर मागच्या चाकाला दगड लावायला कुणीतरी लागायचं. सपाटीवर गाडी झकास पळाली. दादांनी माझ्याकडे तिरकं बघितलं, बघ म्हणाले नाहीत एवढंच. आणि खिंडीच्या अर्ध्या चढावर इंजिन किंचाळलं, चाकं थांबली, गाडी मागं सरकू लागली. मी उडी टाकून दगड लावला.

दादांनी तीनदा प्रयत्न केला. गाडी जागची हलेना. ते खाली उतरले आणि काठी आडवी टाकून रस्त्याकडेला बसले. थोड्या वेळानं शेताकडे निघालेले थोरले चुलते मागून बैल घेऊन आले. एके काळची आमचीच जोडी. शिंगांचा रंग आणि पाठीवरचे गेरूचे ठसे अजून ताजे होते.

"आरं, बांधू का दोरी?" चुलत्यांनी विचारलं.

"बांधा, भाऊ," दादा म्हणाले. "आन् त्या मेस्त्रीला सांगावा धाडा. बसीव म्हनावं तुजा गिअर. कुनी बी चालवंल मग. माजं झालं."

'माझं झालं' हे त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. दोन वर्षांचा तो ओटा डोळ्यांपुढे आला. मी सीटखाली हात घातला आणि उरलेला अर्धा डबा बाहेर काढला. निघताना तो मीच तिथे ठेवला होता.

दादा डब्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"व्हय, दादा."

"आन् बोलली न्हाईस."

"रुसले होते."

चुलत्यांनी तोंड फिरवलं. दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गाडीत बसले आणि स्वतःच इंजिन चालू केलं. गिअरचा दांडा एकदा सगळीकडून फिरवला. मी बॉनेट उघडून पट्टी ओढली. तेल टोकालाही लागलं नव्हतं. मी ओतत गेले, पुसत गेले, पुन्हा बघत गेले. खुणेला तेल आलं तसा मी हात वर केला. दादांनी पाय दाबला आणि गाडी दगड सोडून वर चढली. खिंडीच्या माथ्यावर थांबून त्यांनी माझी वाट बघितली. मी पळत जाऊन बसले.

लोणावळ्याच्या बाजारात शिरताना दादा म्हणाले, "हे बग, पोरी. भांडन झालं तरी आदी सांगायचं. रुसायचं ते मागनं रूस."

पुढं माझं लग्न होऊन मी वराळ्याला गेले. पण दर भादव्यात दादांचा निरोप यायचाच: आज आवतण, उद्या जेवाया ये. बैलाचं आवतण लेकीला धाडतात म्हणून सासरी हसायचे. मी जायची. तेल मुंबईहून मागवलेलं असे. दादा गाडीखाली, मी पुस्तक घेऊन बाजूला, आणि ओतून झालं की तेच ओरडायचे, "चालू कर गं!" जू न ठेवण्याचा नेम त्यांनी आपल्या हातानं मोडला होता. बैलाला विसावा आणि हिला इंजान, असं ते लोकांना सांगत.

शेवटच्या वर्षी निरोप आला तेव्हा दादा अंथरुणाला खिळले होते. ओट्यावर बाज टाकली होती, तिथून गोठ्यामागची गाडी दिसायची. मी एकटीच चरात शिरले, तेल बदललं, इंजिन चालू केलं, पट्टी पाहिली. तेल बरोबर खुणेला होतं. दांडा पुढं टाकला. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. पुन्हा टाकला. तीच गत. आतलं सगळं झिजून गेलं होतं, त्याला तेल काय करणार?

मी हात पुसत ओट्याकडे आले. खोटं सांगणं सोपं होतं. त्यांना उठून बघता येणार नव्हतं.

"भरलं का?" दादांनी विचारलं.

"भरलं. पण ती आता वढत न्हाई, दादा."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी माझा तेलकट हात आपल्या हातात घेतला.

"सांगितलंस, बरं केलंस," ते म्हणाले. "आता रूस."